किती गिअरची आहे?

सिग्नलला शेजारी येऊन थांबलेला स्कूटरवाला, घाटमाथ्यावरच्या टपरीत चहा गाळणाऱ्या मावशी, लिफ्टमध्ये मी माझी डोंगरात चालवायची सायकल उभी धरून चाललेली असताना भेटणारे शेजारचे काका, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती गिअरची आहे हो?" मी "बारा" म्हणते आणि समोरच्याचा उत्साह मावळतो. कारण त्यांच्या पुतण्याची एकवीसची आहे आणि ती माझ्या सायकलच्या पाव किमतीत आलेली आहे. दोन मजले वर जाईपर्यंत याचं उत्तर देऊन होत नाही. प्रश्न मात्र मनापासून विचारलेला असतो, आणि उत्तर द्यायला मला आवडतं. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

एकवीस म्हणजे पुढे पायडलपाशी तीन चेनव्हील, म्हणजे दातेरी चक्रं, मागच्या चाकाला तशाच सात चकत्या, आणि त्यांचा गुणाकार. दुकानात सर्रास दिसणारा संच घ्या. पुढे २४, ३४ आणि ४२ दाते, मागे १४ पासून २८ पर्यंत. पुढचं ४२ दात्यांचं आणि मागचं २८ लावलं की पायडलच्या एका फेरीत चाक दीड वेळा फिरतं. पुढे २४ आणि मागे १६ लावलं तरी दीडच वेळा. ३४ आणि २२ लावलं तर दीडच्या किंचित वर. म्हणजे आकडे तीन आणि गिअर एकच. असे जोडीजोडीने सारखे येणारे वगळले तर एकवीसमधले खरे वेगळे गिअर तेरा-चौदाच उरतात.

माझ्या सायकलला पुढे एकच चेनव्हील आहे, ३२ दात्यांचं. मागे बारा चकत्या, सगळ्यात लहान १० दात्यांची आणि सगळ्यात मोठी ५१ दात्यांची, जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढी. सगळ्यात हलक्या गिअरवर पायडलची एक फेरी मारली की सायकल दीड मीटरही पुढे जात नाही. त्या एकवीसवाल्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर पावणेदोन मीटरच्या आसपास नेतो. कागदावर हा फरक फुटभराचा. पण मुरमाच्या उभ्या चढावर याच फुटभरावर सगळं अवलंबून असतं. गिअर जड असला की सीटवरून उठून उभं राहावं लागतं, उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं, आणि वजन गेलं की चाक जागच्या जागी गरकन फिरतं आणि पाय खाली टेकतो. हलक्या गिअरवर बसल्या बसल्या, छाती हँडलकडे झुकवून, एका लयीत पाय फिरवत राहता येतं आणि मागचा टायर जमीन धरून ठेवतो.

पुढचं एकच चेनव्हील ठेवण्याची पद्धत तशी अलीकडची. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एक आणि मागे अकरा असा संच आणला, २०१६ मध्ये बारा केले. त्यात चेनव्हीलचे दाते एक जाड, एक बारीक असे आलटून पालटून कापलेले असतात, त्यामुळे खडबडीत उतारावरही चेन उडत नाही. मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागात, चेन ताणून धरणारा क्लच बसवलेला असतो. शिमानो या दुसऱ्या कंपनीने २०२० मध्ये तीच बारा चकत्यांची सोय डिओरे या आपल्या मधल्या दर्जाच्या संचात दिली आणि माझ्यासारख्या हौशी लोकांच्या आवाक्यात ती आली. पुढचा डिरेलर गेला, त्याची वायर गेली, डाव्या हाताचा गिअर गेला. पावसाळ्यात काळ्या मातीचे गोळे अडकून बसायची एक मोठी जागाही गेली.

तरीही खरं सांगू का, गिअर ही माझ्या लेखी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची गोष्ट आहे. डोंगरावर सायकल नेण्याचा खेळ ज्यांनी सुरू केला त्यांच्या सायकलींना गिअर एकच होता. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमध्ये काही तरुण मंडळी १९३० आणि ४० च्या दशकातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, असे, पायडल उलट दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराचं नाव 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असं पडलं. त्याच मंडळींतल्या गॅरी फिशरने अशा जुन्या सायकलला गिअर बसवले, जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली, आणि पुढच्या वीस वर्षांत हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. अटलांटा, १९९६. महिलांचं पहिलं सुवर्ण इटलीच्या पाओला पेझोने जिंकलं. मला या गोष्टीतला धूर निघणारा हब फार महत्त्वाचा वाटतो. वर तर ढकलतही जाता येतं. खाली येताना हातात ब्रेक नसेल तर मजा कसली?

म्हणून नवीन सायकल घेणाऱ्या कुणालाही मी पहिल्यांदा ब्रेक बघायला सांगते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेक असले की एका बोटाने काम होतं, बाकीची बोटं हँडलवर घट्ट राहतात. लांबलचक उतारावर पंजे भरून येत नाहीत. वायरचे डिस्क ब्रेक दिसायला तसेच दिसतात, पण सगळा जोर हाताने लावावा लागतो. आणि पावसाळ्यात ब्रेकपॅड आधी बघायचे, मग घराबाहेर पडायचं. मुरूम आणि पाणी एकत्र आलं की नवे कोरे पॅड भराभर झिजतात.

ब्रेकच्या खालोखाल टायर. या विषयावर मी तासभर बोलू शकते.

आपल्याकडच्या टेकड्यांवर सायकलचा पहिला शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. पुणे, सासवड, जेजुरी, भोर, कुठेही जा, वाटेच्या कडेला बाभूळ नाहीतर बोर आहेच, आणि धनगरांनी शेळ्यांसाठी झोडलेल्या फांद्या वाटेवरच पडलेल्या असतात. ट्यूब असलेल्या टायरने या वाटांवर जायचं म्हणजे दर खेपेला पंक्चर काढायची तयारी ठेवायची. ट्यूबलेस टायरमध्ये लॅटेक्सचं पातळ द्रावण भरलेलं असतं. काटा शिरला की ते भोकातून बाहेर येतं आणि हवा लागताच घट्ट होऊन भोक बुजवतं. पुण्याच्या उन्हाळ्यात हे द्रावण दोन-तीन महिन्यांत आटतं, म्हणून होळी झाली की मी ते पुन्हा भरते. यावर होणारा खर्च सगळ्यात आधी वसूल होतो.

दुसरं म्हणजे हवा. रस्त्याच्या कडेचा हवावाला प्रेमाने चाळीस-पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठोकून देतो आणि टायर दगडासारखा होतो. असा टायर दगडावरून उडतो आणि मुरमावरून घसरतो. माझ्या २.३ इंची टायरमध्ये मी पुढे विसाच्या आसपास ठेवते आणि मागे दोनएक पीएसआय जास्त. माझ्या वजनाला ते पुरतं, तुमच्या वजनाला थोडं वेगळं लागेल. त्या हवेवर टायर खाली पसरतो, दगडाभोवती वाकतो, ओल्या कातळावरही थोडीफार पकड ठेवतो. दोन गिअर कमी असलेली सायकल चालेल, पण स्वतःचा प्रेशर गेज पाहिजेच.

या सगळ्या सामानाचं मोल कळतं ते उतारावर. पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून कानिफनाथाच्या देवळाकडे गेलं की आजूबाजूला डोंगरधारेच्या वाटा आहेत. दिवाळीच्या सुमारास त्या सगळ्यात सुंदर असतात. पावसाने मुरूम बसवलेला असतो, धूळ अजून उठत नाही, गवत सोनेरी होऊन कंबरेला लागतं. कुसळं मोज्यांत भरतात, घरी आल्यावर एकेक काढत बसावं लागतं, ते मला चालतं. उतार सुरू व्हायच्या आधी सीट खाली घ्यायची, पायडल दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर, गुडघे आणि कोपर सैल, ब्रेकवर एकेक बोट. नजर मात्र चाकासमोर ठेवायची नाही. ज्या दगडाकडे बघाल त्या दगडावर सायकल जाते, हा अनुभव प्रत्येकाला येतो. म्हणून दगडांमधल्या फटीकडे बघायचं, आणि ती ओलांडायच्या आधीच तिच्या पुढच्या फटीकडे. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे. हे सगळं जुळून आलं की काही मिनिटं डोक्यात दुसरा कुठलाच विचार शिल्लक राहत नाही. ऑफिसातला, घरातला, कर्जाच्या हप्त्याचा, कुठलाच नाही. मी आठवडाभर त्या काही मिनिटांची वाट बघते.

त्याच वाटेवर मेंढ्यांचा कळप समोर आला की मी सायकलवरून उतरते आणि कडेला उभी राहते. पुढे जायची घाई केली तर मेंढरं बिथरतात आणि उतारावरून खाली धावतात, ती गोळा करायला त्या माणसाला अर्धा तास लागतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या मागून जाताना घंटी वाजवून, वेग पायी चालण्याइतका करून जाते. आणि पावसाळ्यात सड्यांवर, जिथे कातळावरच्या बोटभर मातीत फुलं येतात, तिथे चाक घालत नाही. याबद्दल माझं मत पक्कं आहे. त्या मातीत उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं तशीच राहते, शिवाय पुढच्या पावसात तिच्यातूनच पाणी वाहून माती नेतं.

गिअरच्या पाठोपाठ येणारा प्रश्न शर्यतीचा. "नंबर येतो का?" आमच्या वयोगटात महिला मोजक्या असतात, त्यामुळे कधीकधी येतो. पण मी शर्यतीला जाते ती दुसऱ्या कारणाने. क्रॉस कंट्री शर्यत म्हणजे चार-सहा किलोमीटरचा डोंगरातला एकच फेरा पुन्हा पुन्हा मारायचा. २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली, ती याच प्रकारची आणि उताराच्या शर्यतीची. आमच्या हौशी शर्यतींत फेरे कमी असतात, पण रीत तीच. आदल्या दिवशी सगळा ट्रॅक पायी फिरून बघायचा. कुठे झाडाचं मूळ आडवं आलंय, कुठे घसारा आहे, कुठे उजवीकडून गेलं तर लांब पडतं पण पाय टेकावा लागत नाही. पहिल्या फेऱ्यात छाती भरून येते, कारण वाट निमुळती व्हायच्या आधी पुढे जाण्यासाठी सगळे जीव तोडून पळतात. दुसऱ्या फेऱ्यापासून खरी गंमत. तोच दगड, तेच वळण, आणि या वेळी तुम्हाला ते आधीपासून माहीत असतं. मोकळ्या रविवारी मी एकच उतार सलग तीनदा कधीच उतरले नसते. शर्यत ते करायला लावते आणि त्यातून हात सुधारतो.

शिवाय आपल्यापेक्षा चांगलं चालवणारीच्या मागून जायला मिळतं. एकदा एक विशीतली मुलगी माझ्या पुढे होती. मुरमावर गोट्यांसारखे खडे पसरलेल्या उतारावर ती ब्रेक अजिबात न लावता, नुसतं वजन बाहेरच्या पायडलवर टाकून वळली. मी तिच्या चाकाच्या खुणेवरून तशीच गेले आणि तशीच वळले. इतके दिवस वाचून आणि ऐकून जे उमगलं नव्हतं ते त्या एका वळणात अंगात उतरलं. त्याच शर्यतीत पुढे मागच्या टायरमधून फुस्स असा आवाज आला. पांढरे थेंब पोटरीवर उडाले, चाकाचे दोन-चार फेरे झाले आणि आवाज थांबला. तशीच शेवटपर्यंत गेले. रेषेपलीकडे टायर बघितला तर काटा तसाच रुतलेला होता. तो काढला नाही, घरी जाईपर्यंत हवा टिकली.

आता पुतण्याच्या सायकलीबद्दल, कारण लिफ्टमधल्या प्रश्नामागे बऱ्याचदा तेच असतं. मूल दहा-बारा वर्षांचं असेल आणि टेकडीवर न्यायचं मनात असेल, तर एकवीसच्या आकड्याला भुलू नका. पुढे एक छोटं चेनव्हील आणि मागे सात-आठ चकत्या त्याला भरपूर होतात. एकाच हाताने गिअर बदलायचे, विचार करावा लागत नाही. स्वस्तातल्या सायकलचा पुढचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा, घेऊ नका. तो दोन-अडीच किलोचा असतो, मुलाच्या हलक्या अंगाने नीट दबतही नाही. साधा कडक फोर्क आणि जाड टायर बरा. "वाढतं वय आहे" म्हणून मोठी सायकलही घेऊ नका. सीटच्या पुढे दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिलं तर दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. उरलेले पैसे हेल्मेट आणि हातमोज्यांना ठेवा. आणि दुकानात पैसे देण्याआधी त्याला हँडल धरायला लावून एका बोटाने ब्रेक दाबायला सांगा. बोट पोचत नसेल तर ब्रेकच्या लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. दुकानदाराला तिथेच, तुमच्या समोर फिरवायला लावा.