बारावी पिन

मंगळवार, रात्री साडेअकरा

काल झोपताना अपडेट्स चढवली. सकाळी मशीन चालू केलं तर पडद्यावरची अक्षरं आडवी ताणलेली, कडा पुसट. 1920 बाय 1080चा मॉनिटर 1024 बाय 768वर येऊन बसलेला, आणि सेटिंग्जमध्ये त्याच्या वरचा पर्यायच नाही. समोर दिवाळी अंकाची प्रुफं. ‘अर्क’ आहे की ‘अंक’, हे प्रत्येक वेळी झूम करून बघावं लागत होतं. अशा डोळ्यांनी मुद्रितशोधन करणं म्हणजे लेखकावर अन्याय.

दुपारी एक्सऑर्गचा, म्हणजे लिनक्सवर पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरचा, लॉग उघडला. तिथे आउटपुटचं, म्हणजे मॉनिटर जोडलेल्या जागेचं, नाव ‘व्हीजीए-1’, आणि लॉगिन होताना चालणाऱ्या माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘व्हीजीए1’. अपडेटमध्ये ग्राफिक्स चिप चालवणारा जुना ड्रायव्हर जाऊन मोडसेटिंग ड्रायव्हर आला होता. तो 2015पासून एक्स सर्व्हरमध्येच असतो आणि नावात आडवी रेघ घालतो. स्क्रिप्टमधली एक्सरँडरची, म्हणजे पडद्याचं रिझोल्यूशन ठरवणारी, आज्ञा त्यामुळे कोणाला लागूच होत नव्हती. रेघ घातली, चित्र जागेवर आलं.

पण मन स्वस्थ बसेना. मुळात ती स्क्रिप्ट मला लिहावी का लागली होती? आपल्याला कोणतं रिझोल्यूशन चालतं ही माहिती, म्हणजे ईडीआयडी, मॉनिटर स्वतःच कळवतो. व्हीजीए केबलमध्ये 12 आणि 15 नंबरच्या पिना खास त्यासाठी असतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती माहिती ज्या फाइलमध्ये दाखवतो ती बघितली: 0 बाइट. मॉनिटर काही सांगतच नव्हता, आणि मी वर्षानुवर्षं त्याच्या वतीने अंदाजाने आकडे भरत होतो.

केबल काढून लेकीला टॉर्च धरायला लावला. “बाबा, इथे एक काडी नाहीच!” ती नववी, बऱ्याच केबलींमध्ये नसतेच, त्याने बिघडत नाही. मग तिनेच दाखवलं, खालच्या अंगाला एक पिन शेजारणीला टेकलीय. मोजली. बारावी.

तिच्या पेन पेन्सिलीतलं शिसं काढलं, पोकळ टोक पिनेवर बसवलं आणि अगदी सावकाश, श्वास रोखून, पिन सरळ केली. जोर लावला असता तर तुटलीच असती. केबल लावली, फाइल पुन्हा बघितली. 128 बाइट! लेकीला त्यातलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून तीही टाळ्या पिटायला लागली.

स्क्रिप्ट काढून टाकली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. 1920 बाय 1080 आपोआप आलं. सीव्हीटी या सूत्राने काढलेल्या मोडलाइनमधून, म्हणजे पडद्याच्या आकड्यांच्या ओळीतून, मी मॉनिटरला 173.00 मेगाहर्ट्‌झचा पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवण्याचा वेग) देत होतो. तो स्वतः 148.50 मागत होता. डावीकडे कायम कापली जाणारी बारीक उभी पट्टी आता पूर्ण दिसते. ती मॉनिटरचीच खोड आहे असं धरून चाललो होतो मी.

जेवणानंतर अकरा पानं झाली. झूम एकदाही करावं लागलं नाही. उद्या बाराव्यापासून.