पळस, पोट्टे आणि कूलर

आज सकाळी दोन्ही पोट्ट्यांना घेऊन गोरेवाड्याकडे गेले होते. पळस काय फुललाय बाप्पा! फांद्यांवर पान जवळजवळ नाहीच, खाली केशरी सडा. होळीच्या रंगासाठी पिशवीभर फुलं वेचली. मी सहज म्हटलं, "पळसाला पानं तीनच," तर धाकटा (वय वर्षे ५) शेजारच्या रोपट्याची पानं मोजायला बसला. प्रत्येक देठाला तीनच. तरी एखाद्याला चौथं असेलच म्हणून शोध चालू. शेवटी मोठा वैतागला, "चाल ना बे, ऊन लागते."

घरी येऊन फुलं गरम पाण्यात भिजवली. दुपारपर्यंत बादलीभर सुंदर केशरी रंग.

तिकडे ह्यांनी माळ्यावरून कूलर काढला. नागपूरचा वसंत म्हणजे कूलर दुरुस्तीचा हंगाम, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेल्यावर मिस्त्री कुठला सापडायला! वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या आणि मोठ्याला टाकी भरायला सांगितली. त्याने इमानदारीत भरली. दोन बादल्या नळाच्या, तिसरी पळसाची.

पंप सुरू केला. ताट्यांवरून केशरी ओघळ, आणि समोर खुर्चीवर टाकलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर बारीक बारीक ठिपके.

"काहून टाकलं रे ते?"

"आई, तूच म्हटलं ना, पूर्ण भर!"

खोलीत वाळ्याचा वास मात्र एक नंबर सुटला होता.

आता उद्या परत फुलं आणायला जाणं आलं. धाकट्याने चप्पल आत्ताच दारात काढून ठेवलीय. त्याचं चौथं पान राहिलंय.