कोरा रकाना

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या २०एक्स, म्हणजे वीसपट मोठं दाखवणाऱ्या, लेन्सवर तेल सापडलं. ही कोरडी लेन्स. तिच्या आणि काचेच्या मध्ये फक्त हवा हवी. तेल लागतं ते शेजारच्या ६३एक्सला. कुणीतरी ६३एक्सवर काम केलं, कव्हरस्लिपवरचं, म्हणजे नमुन्यावरच्या पातळ काचेवरचं, तेल न पुसताच लेन्स फिरवली आणि आटोपून निघून गेलं.

तेलाचं एवढं काही नाही, ते निघतं. लेन्स पेपरची घडी, त्यावर क्लीनरचा थेंब, मधून कडेकडे हलका हात, दर वेळी नवा कागद. वाईट वाटलं ते लॉगबुक उघडल्यावर. वेळ लिहिलेली, लेझर लिहिलेले, खाली सह्या. शेऱ्याचा रकाना मात्र सगळीकडे कोरा.

कळलंच नसेल? की कळलं आणि मुद्दाम गप्प बसले? यातलं मला जास्त काय लागलं, तेही ठरत नाही. खोलीचं तापमान जरा हललं तरी फोकस सरकतो, म्हणून एसीच्या मागे मी लागायचं. सर्व्हिस कराराच्या फायलीमागेही मीच. चित्र छापून येतं तेव्हा... जाऊ दे. पण एक ओळ लिहायला काय लागतं?

पुसण्याआधी आणि पुसल्यावर लेन्स तपासायचे २०० नॅनोमीटरचे चमकते मणी लावून पाहिले. आधी प्रत्येक ठिपका पसरट, धुरकट; नंतर गोल, नेटका. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि माझा राग बाजूलाच राहिला. मधल्या काळात ज्यांनी ही लेन्स वापरली त्यांना असंच धुरकट दिसलं असणार. त्यांनी लेन्सवर संशय घेतला नसेल. नमुना रंगवणाऱ्या अँटिबॉडीला दोष दिला असेल, तो टिकवून धरणाऱ्या फिक्सेशनला दिला असेल, शेवटी स्वतःच्या हाताला. नवी मुलं तर हमखास. चांगले नमुने फेकलेही असतील.

इतक्या हातांतून जाणाऱ्या यंत्राला तेल लागणारच. बोलणी बसतील या भीतीने कुणी लिहीत नसेल, तर दरडावून ते लिहायला लागणार नाहीत. म्हणून मीच लिहिलं: '२०एक्सवर तेल होतं. साफ केलं, मणी तपासले, लेन्स ठीक.' कुणाचं नाव घातलं नाही. मागच्या तपासणीनंतर ज्यांचं ज्यांचं बुकिंग होतं, त्या सगळ्यांना आज रात्रीच कळवतेय: चित्रं धुरकट आली असतील तर नमुने टाकू नका, पुन्हा या, त्या वेळेचे पैसे लावणार नाही.