ऑरेंजली

शाळेच्या समारंभाचं कळलं आणि इंग्रजीचे तास आठवले. आपल्या शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून. वाक्प्रचार म्हणजे वहीत मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. 'कट युवर कोट' समोर 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. कोटाचं अंथरूण कसं झालं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

१९८६ मध्ये आठवीला इंग्रजीच्या नव्या बाई आल्या. त्यांनी रविवारचा अभ्यास दिला : बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जा आणि जाहिरातींच्या इंग्रजी ओळी उतरवून आणा. एका सायकलवर मी आणि एक मित्र निघालो. वही काढली तर पानठेलेवाला म्हणे, "काय लिहून राहिले रे पोट्टेहो?"

सोमवारी फळ्यावर पहिली ओळ आली ती अमूलची. 'अटर्ली बटर्ली डिलिशस.' अटर्ली शब्दकोशात सापडलं, बटर्ली काही सापडेना. "म्हणजे चूक?" बाईंनी विचारलं. आम्ही एका सुरात हो म्हणालो. "मग पाठ कसं झालं?" वर्ग गप्प. लिहिणाऱ्याला शब्दाला 'ली' जोडून क्रियाविशेषण करायचा नियम पक्का ठाऊक होता, म्हणूनच त्यानं तो लोण्याला लावला, हे बाईंनी उलगडून सांगितलं. खुशामत करताना इंग्रजही लोणीच लावतो, हेही त्याच तासाला कळलं. (आपल्याकडे ते जरा जास्त लागतं, एवढंच.)

मग ओनिडा टीव्हीची जाहिरात. तो शिंगवाला राक्षस टीव्ही असलेल्यांच्या घरी जाऊन सगळ्यांनी पाहिलेला. 'नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड.' "यात क्रियापद शोधा," बाई म्हणाल्या. अख्खा वर्ग शोधत बसला, क्रियापद नव्हतंच! षष्ठीचा तो वरचा स्वल्पविराम मात्र एका ओळीत दोनदा भेटला आणि कायमचा बसला. व्याकरणाच्या पुस्तकातून तो वर्षभर बसला नव्हता.

सहामाहीत मी निबंधात ठोकून दिलं : नागपूरची संत्री 'ऑरेंजली स्वीट' असतात. बाईंनी लाल गोल काढला, अर्धा गुण कापला आणि समासात लिहिलं, 'याचे पैसे मिळायला लागले की लिही. तोवर चूक.'

आता इतवारीत माझं फ्लेक्स-बोर्डाचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत संत्रा बर्फीवाल्या एका शेठना इंग्रजी ओळ हवी होती. मी तीच दिली. ते चष्मा वर करून म्हणाले, "बरोबर आहे न जी हे?"

"चूक आहे," मी म्हटलं आणि बिल फाडलं. त्यांनी घासाघीस न करता पैसे मोजले.

बाई समारंभाला येणार असतील, तर माझा अर्धा गुण निघतो.