एनओसीचा एक कागद

2007 ते 2013 मी शारजातल्या एका बांधकाम कंपनीत पगारपत्रकं करत होतो. माझ्या खुर्चीमागे लोखंडी कपाट होतं. त्यात चारशेच्या वर पासपोर्ट, रबरबँड लावून, लेबर कॅम्पच्या खोल्यांप्रमाणे रचलेले. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या नियमातही बसत नव्हतं. तरी ठेवले जायचे आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात असायची. आज हे लिहिताना लाज वाटते.

एक सळई बांधणारा कामगार होता, तेलुगू बोलणारा. हात असा की सळयांच्या पिंजऱ्यातली तार कुठेही सैल सापडायची नाही. पगार 800 दिरहम. शेजारच्या साइटवर त्याच कामाला 1,000 देत होते. तीन वर्षांचा करार संपत आला तेव्हा तो माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, एनओसी मिळेल का?" एनओसी म्हणजे दुसरीकडे काम धरायला आताच्या मालकाचं ना हरकत पत्र. मी अर्ज आत नेला. मॅनेजरने मान वर न करता सांगितलं, "व्हिसा कॅन्सल करून घरी पाठव." कफीलाची, ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाची, एनओसी नाही म्हणजे मायदेशी परत, वर सहा महिन्यांची बंदी, आणि पुन्हा यायचं तर एजंटचं नवं कर्ज. त्याने अर्ज मागे घेतला. 800 वरच सही केली.

परदेशी कामगारांचा विषय निघाला की लोक एकच विचारतात: किती आत घ्यायचे? माझ्या टेबलावरून मला दुसराच प्रश्न दिसायचा. आत आलेल्याला मालक बदलता येतो का? पगार ठरतो तो तिथे.

जानेवारी 2011 पासून संयुक्त अरब अमिरातीने नियम बदलला. करार पूर्ण झाला की एनओसीशिवाय दुसरीकडे नोकरी धरता येऊ लागली. त्याच महिन्यात मॅनेजरने मला नवी यादी करायला सांगितली: पुढच्या तीन महिन्यांत कोणाचे करार संपतात. शेवटचा रकाना त्याने स्वतःच्या पेनाने आखून दिला, "किती वाढवल्यास थांबेल?" चार वर्षांत हा प्रश्न त्या ऑफिसात कोणी उच्चारला नव्हता. सळईवाल्यापुढे मी 150 लिहिले. ते मंजूर झाले आणि तो थांबला.

पुढे सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग या तीन अर्थशास्त्रज्ञांचा याच बदलावरचा अभ्यास वाचला. आधीपासून तिथे असलेल्या कामगारांची कमाई वाढली. मालक बदलणारे वाढले, तरीही कंपन्यांकडे टिकणारे कमी न होता वाढलेच, कारण देश सोडून जाणारे घटले. माझ्या यादीत नेमकं हेच घडत होतं. पण त्यांनी दुसरी बाजूही मांडली आहे, आणि ती लपवणं मला बरोबर वाटत नाही: नव्याने येणाऱ्यांची मागणी घटली आणि त्यांची कमाईही कमी झाली. हेही मी पाहिलं. भरतीची फाइल बारीक झाली. ज्याला बांधून ठेवता येत नाही, त्याला आणायला मालक पूर्वीइतका उत्सुक राहत नाही. आत असलेल्याचं भलं झालं, दारात उभा असलेल्याला थोडी किंमत मोजावी लागली. तरीही मी त्या बदलाच्या बाजूने आहे, कारण आधीची स्वस्ताई त्या कपाटाच्या जोरावर होती.

धोरणांचा परिणाम कधी उलटाही होतो. पश्चिम जर्मनीने नोव्हेंबर 1973 मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली. आता गेलो तर परत येता येणार नाही, हे कळल्यावर अनेक तुर्की कामगार तिथेच राहिले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं.

माझा भाचा अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डांमध्ये एका देशाच्या वाट्याला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. नोकरी बदलता येते, पण नव्या कंपनीला ग्रीन कार्डाची बरीचशी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. त्याच्याकडे पासपोर्ट आहे, गाडी आहे, चांगला पगार आहे. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "मामा, दुसरीकडून ऑफर आलीय, जास्तीची. पण फाइल पुन्हा सुरू करायची हिंमत होत नाही."

मी त्याला विचारलं, तुझ्या कंपनीला त्या ऑफरबद्दल सांगितलंस का? तो म्हणाला, "सांगून काय उपयोग? मी जाणार नाही, हे त्यांना माहीत आहे."