महिन्याला ३० सिला जव

सुमेर, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधला प्राचीन प्रदेश, म्हटलं की ठरलेली चित्रं समोर येतात. उर शहरातला झिगुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा उंच देवळाचा चौथरा, राणी पुआबीच्या थडग्यातलं सोनं, चाक, लिपी. मला त्या सगळ्यापेक्षा तिथल्या धान्यवाटपाच्या याद्या जवळच्या वाटतात. ओल्या मातीच्या छोट्या पाट्यांवर बोरूनं टोचून लिहिलेल्या, चार हजार वर्षांपूर्वीच्या.

माण तालुक्यात रोजगार हमीच्या कामांवर मी बरीच वर्षं हजेरी सहाय्यक होतो. मस्टर वाचायची सवय तेव्हापासूनची. कुणाचा खाडा पडला, कुणाचं नाव पुढच्या पंधरवड्यात आलंच नाही, यावरून त्या घरात काय चाललंय याचा अंदाज यायचा. निवृत्तीनंतर इंटरनेटवर सुमेरी पाट्यांचे फोटो आणि त्यांचं वाचन सापडलं, आणि मी त्यात गुंतून गेलो.

सगळ्यात जास्त याद्या आहेत त्या उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या, म्हणजे इ.स.पू. २११२ ते २००४ या काळातल्या. उर-नम्मूनं हे राज्य उभं केलं. त्याचा मुलगा शुल्गी ४८ वर्षं गादीवर होता आणि त्याच्या काळात हिशेबाला नुसता ऊत आला. मेंढरं, नौका, वेत, मासळी, दारूसाठीचं धान्य, सगळ्याची नोंद. पाट्या वेताच्या टोपल्यांत ठेवायच्या आणि टोपलीत काय आहे ते सांगणारी मातीची चिठ्ठी बाहेर बांधायची. ज्यानं दप्तर सांभाळलंय त्याला त्या चिठ्ठीची किंमत कळेल.

मजुरी जवात मिळायची. माप सिला, साधारण एक लिटरचं. पुरुष मजुराला महिन्याला बहुधा ६० सिला, बाईला ३०, पोरांना वयाप्रमाणे १० ते २०. ही तफावत वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. आमच्या मस्टरवर बाई आणि बाप्या यांचा दर एकच असायचा, आणि ते बरोबरच होतं.

या ३० सिलावाल्यांमध्ये फार मोठी संख्या विणकर बायकांची. लोकरीचं कापड हा सुमेरचा मोठा माल. त्या सपाट, गाळाच्या प्रदेशात ना धातू, ना चांगला दगड, ना इमारती लाकूड. धान्य आणि कापड हेच बाहेर द्यायला होतं. मेंढ्यांची लोकर कातरत नसत, उपटून काढत. मग ती विंचरायची, कातायची, मागावर चढवायची. कापडाच्या प्रती ठरलेल्या होत्या, राजासाठीच्या उंची कापडापासून थेट साध्यापर्यंत. लगश प्रांतातल्या एकट्या गुअब्बा या गावच्या नोंदीत विणकामावरच्या बायका आणि पोरं मिळून सहा हजारांच्या घरात जातात. बायकांच्या टोळ्या असायच्या, प्रत्येक टोळीवर मुकादम. आणि वर्षभर लोकर हाताळणाऱ्या बाईला स्वतःच्या कपड्यासाठी वर्षाला मिळायची ती साधारण ३ मिना लोकर, म्हणजे दीड किलो. पुरुषाला ४ मिना.

या बायका कोण होत्या? काही लढाईत धरून आणलेल्या. अमर-सिन राजाच्या पाचव्या वर्षातली उम्मा इथली नोंद अशाच बंदी बायका-मुलांची आहे आणि त्यांत मेलेल्यांचीही गणती आहे. काहींना देवळाला वाहिलेलं असे. त्यात विधवा, पोरकी मुलं, ज्यांना पोसणं घरच्यांना जमत नव्हतं अशी माणसं. सगळं सुमेर असं नव्हतं. घरदार, खजुराची बाग, स्वतःचा शिक्का बाळगणाऱ्या बायकाही होत्या, आणि राणीच्या नावानं मोठा कारभार चालायचा. इ.स.पू. २३५०च्या सुमारास गिर्सू या शहरात बरनमतरा आणि तिच्यानंतर शशा या राण्यांच्या संस्थेत शेकडो माणसं धान्यावर होती, आणि तिथल्या याद्यांत विणकर बाईचं नाव, तिच्याखाली तिचे मुलगे किती, मुली किती, हे नीट मांडलेलं आहे. लेकरं आईच्या नावाखाली. बापाचा पत्ताच नाही.

माझं लक्ष खिळतं ते नावांपुढच्या शेऱ्यांवर. आजारी. मेली. पळाली. लेखनिकाला दुःख नोंदवायचं नव्हतं, त्याला जव वाचवायचा होता. मेलेल्या बाईच्या नावावर धान्य उचललं जाऊ नये एवढाच त्याचा हेतू. पण या बायकांबद्दल दुसऱ्या कुणी काहीच लिहून ठेवलेलं नाही. राजांनी शिलालेखांत कालवे आणि देवळं सांगितली, कवींनी देवांची स्तोत्रं रचली. विणणारी बाई फक्त या हिशेबात सापडते, आणि 'पळाली' हा शेरा वाचला की मला मनापासून बरं वाटतं.

दुर्दैव असं की या याद्या एका जागी नाहीत. गिर्सूत, म्हणजे आजच्या इराकमधल्या तेल्लोत, एर्नेस्त द सार्झेक यांनी १८७७मध्ये खणायला सुरुवात केली. १८९४मध्ये ते तिथं नसताना चोरट्या खोदकामात तीस हजारांच्या आसपास पाट्या निघाल्या आणि व्यापाऱ्यांमार्फत जगभर विकल्या गेल्या. त्यामुळे एकाच दप्तरातल्या पाट्या आज वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत आहेत. क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह या प्रकल्पानं त्या संगणकावर एकत्र आणायला घेतल्या आहेत. पाहायला पैसे पडत नाहीत. लिपी येत नसली तरी गिर्सू किंवा उम्माची एखादी धान्ययादी उघडून बघा. डाव्या बाजूला आकडे, उजवीकडे नावं, आणि ते आकडे दोन-चार दिवसांत वाचता येऊ लागतात.