येवल्याच्या मुनीमजींनी दिलेला खातेउतारा

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पैठणी विक्रेत्याच्या दुकानातील मुलांना प्रशिक्षण देण्यासाठी मी पुण्याहून येवल्याला गेले होते. त्यांचे ऑनलाइन दुकान मी वूकॉमर्स या ऑनलाइन विक्रीच्या सॉफ्टवेअरवर बांधले होते आणि गुढीपाडवा व लग्नसराई तोंडावर आल्याने नव्या साड्या संकेतस्थळावर कशा चढवायच्या, हे त्यांना शिकवायचे होते. दुकानाच्या दृष्टीने मी एका डिजिटल एजन्सीची कर्मचारी होते. प्रत्यक्षात मी फ्रीलान्सर आहे आणि एजन्सीने ते काम माझ्याकडून करून घेतले होते. आमच्या क्षेत्रात याला व्हाइट लेबल म्हणतात. काम फ्रीलान्सरचे, नाव एजन्सीचे. मला एजन्सीच्या डोमेनवरचा ईमेल पत्ता मिळाला होता, मीटिंगमध्ये माझी ओळख ‘आमच्या टेक्निकल टीमच्या मॅडम’ अशी करून दिली जात असे आणि क्लायंटशी पैशांविषयी बोलायचे नाही, असे करारात लिहिलेले होते.

या व्यवस्थेत मुळात काही गैर आहे, असे मला वाटत नाही. क्लायंट मिळवण्यासाठी एजन्सी पैसा आणि वेळ घालते, उद्या संकेतस्थळ बंद पडले तर पहिला फोन तिलाच येतो, त्यामुळे माझ्या दरावर तिने किती चढवले, याची चौकशी मी कधी करत नाही. माझी तक्रार पैसे केव्हा मिळणार, एवढ्यापुरतीच होती. ठरलेल्या १,२०,००० रुपयांपैकी ४८,००० रुपयांचे पहिले बिल चुकते झाले होते. उरलेल्या ७२,००० रुपयांचे बिल मी काम पूर्ण करून ३० सप्टेंबर २०२४ रोजी दिले आणि नोव्हेंबरपासून प्रत्येक फोनवर एकच उत्तर ऐकत राहिले : ‘मॅडम, क्लायंटकडे पेमेंट अडकलंय, आलं की लगेच सोडतो.’ क्लायंटची रक्कम आल्यावर ७ दिवसांत मला पैसे द्यायचे, असे करारातच असल्याने मी गप्प बसले. मनात मात्र येवल्याच्या त्या दुकानदार काकांविषयी अढी बसली होती.

दुकानात काकांनी गादीवर दोन पैठण्या उलगडल्या. एकीचा काठ नारळी होता, दुसरीच्या काठावर मुनियांची रांग होती. संकेतस्थळावर मी दोन्ही ‘पारंपरिक काठ’ या एकाच नावाखाली टाकल्या होत्या. गिऱ्हाईक काठाचे नाव घेऊनच साडी मागते, हे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले आणि आम्ही दुपारपर्यंत बसून काठ, पदर आणि बुट्टी यांचे वेगळे रकाने केले. इतक्या आस्थेने बोलणारा माणूस पाच महिने पैसे का अडवून ठेवतो, हे मला उमगत नव्हते.

जेवणानंतर मुनीमजींनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. ‘मार्च जवळ आलाय, तुमच्या कंपनीचं खातं जुळवून घ्यायचंय. एवढा उतारा तुमच्या अकाउंटवाल्यांना द्या,’ असे ते म्हणाले. उताऱ्यातली शेवटची नोंद १४ ऑक्टोबर २०२४ ची होती. त्या दिवशी पूर्ण रक्कम एजन्सीच्या खात्यात गेली होती आणि खाली शिल्लक शून्य होती. मी तो कागद दोनदा वाचला. काका सहज म्हणाले, ‘कुणाचं अडवून ठेवायचं नाही, ही वडिलांची शिकवण.’ मग त्यांनी विचारले, ‘पगार वेळेवर होतो ना, मॅडम?’ मी ‘हो’ म्हटले. त्या एका शब्दाची लाज मला आजही वाटते, कारण त्या होकाराने मी फसवणाऱ्याचीच बाजू सांभाळली होती.

परतीच्या वाटेवर बसमध्येच मी माझा फॉर्म २६एएस, म्हणजे माझ्या नावावर कुणी किती कर कापून भरला हे दाखवणारा प्राप्तिकर खात्याचा उतारा, उघडला. एजन्सीने माझ्या नावावर ७२,००० रुपये दाखवून त्यावर दहा टक्क्यांनी ७,२०० रुपये टीडीएस (बिलातून आधीच कापलेला कर) भरला होता. म्हणजे तिच्या वहीत माझे बिल मान्य होऊन खर्चीही पडले होते, फक्त पैसे तेवढे मला दिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एजन्सीला ईमेल लिहिला आणि मुनीमजींचा उतारा, त्यांच्या निरोपासह, सोबत जोडला. २०२१ पासून माझी उद्यम, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी, नोंदणी आहे आणि २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. माझ्या बाबतीत ती मुदत १४ नोव्हेंबरलाच संपली होती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे ही रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही, तर त्या वर्षी ती खर्च म्हणून वजा करता येत नव्हती. हे सारे मी कलमांसह लिहिले.

संध्याकाळी एजन्सीच्या मालकांचा फोन आला. ‘तुम्ही क्लायंटशी पैशांचं बोललात?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. ‘नाही सर, खातं जुळवायला त्यांनीच कागद दिलाय,’ असे मी सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. २१ मार्चला ६४,८०० रुपये जमा झाले. व्याज मी मागितले नाही. ते मागायला हवे होते, असे माझे आजही मत आहे, कारण व्याज सोडून देण्याच्या आमच्या सवयीवरच ही दिरंगाई पोसली जाते.

तेव्हापासून माझ्या करारात पैशांची मुदत काम सोपवल्याच्या तारखेपासून मोजली जाते, क्लायंटने पैसे दिल्यापासून नव्हे. नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा स्वामित्वहक्क लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. हे हस्तांतर पूर्ण रक्कम मिळाल्यावरच होईल, असेही मी आता लिहून घेते. एका एजन्सीने ही कलमे वाचून मला काम दिले नाही. दुसरीच्या मालकीणबाईंनी १५ ऐवजी ३० दिवसांची मुदत करून घेऊन सही केली आणि त्यांचे पहिले बिल अठ्ठाविसाव्या दिवशी जमा झाले.